चाळणीतून निसटलेली वस्ती

आमच्या पिढीला सायक्लॉप्स हा पाण्यातला बारीक जीव ठाऊक झाला तो नारूमुळे. मराठवाड्यात माझ्या आजोळी पायऱ्यांची विहीर होती. बायामाणसं पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभी राहून घागर बुडवत. त्यातल्या कुणाच्या पायाला नारूची जखम असली की जंताची पिल्लं पाण्यात सुटत, सायक्लॉप्स ती गिळे आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून पुढच्या वर्षी दीड-दोन हात लांबीचा जंत बाहेर येई. दुपदरी धडप्यातून गाळल्याशिवाय आजी पाणी माठात ओतू देत नसे. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. नारू गेला, त्याबरोबर सायक्लॉप्सही लोकांच्या बोलण्यातून गेला. राहिला तो फक्त आम्हा प्राणिशास्त्राच्या शिक्षकांपुरता.

रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवताना मी मुलांना पहिल्यांदा हाच जीव सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत असे. कपाळाच्या मधोमध एकच तांबडा डोळा, मागे निमुळतं शरीर, आणि मादी असेल तर शेपटाच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. हा कोपेपॉड गटातला. खेकडा, कोळंबी, शेवंड, जवळा यांच्याच जातकुळीचा कवचधारी, फक्त मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान. कोपेपॉडच्या दहा हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. विहिरीत ते आहेत, भातखाचरात आहेत, भाट्याच्या खाडीच्या चिखलात आहेत. आणि सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही अशा समुद्रतळावर, जिथे जमिनीतून मिथेन झिरपतो, तिथेही आहेत. या शेवटच्या ठिकाणच्या कोपेपॉडांबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

आधी हा मिथेनचा झरा समजून घेऊ. समुद्रतळाच्या गाळात मेलेलं प्लवक आणि नद्यांनी वाहून आणलेला काडीकचरा लाखो वर्षं साठत राहतो. वरच्या थरांखाली ऑक्सिजन उरत नाही. तिथे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव हा साठा कुजवतात आणि मिथेन तयार होतो. गावाकडच्या गोबरगॅसच्या टाकीत जे घडतं तेच इथे, पण टाकीऐवजी शेकडो मीटर जाडीचा गाळ. थंडी आणि दाब पुरेसा असेल तर हा वायू पाण्याबरोबर गोठून हायड्रेट नावाचा पांढरा, पेट घेणारा बर्फ होतो. असा एक घनमीटर हायड्रेट वितळला तर साधारण १६० घनमीटर वायू मोकळा होतो. जिथे भेगा मिळतात तिथून मिथेन वर येतो, कधी पाण्यात विरघळून, कधी बुडबुड्यांच्या माळा होऊन. जहाजावरच्या ध्वनियंत्राला हे बुडबुडे दिसतात. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यासमोर असे सुमारे ५७० झरे असल्याचं २०१४ मध्ये याच पद्धतीने कळलं. त्याआधी तिथे मोजकेच माहीत होते.

झऱ्याकाठी जीवसृष्टी असते हे कळूनही फार वर्षं झालेली नाहीत. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ गरम पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवतीची दाट वस्ती सापडली होती. मिथेनच्या, म्हणजे थंड झऱ्यांची वस्ती नोंदली गेली १९८४ मध्ये. चार्ल्स पॉल आणि त्यांचे सहकारी ‘ॲल्विन’ पाणबुडीतून मेक्सिकोच्या आखातात, फ्लोरिडाच्या कड्याच्या पायथ्याशी सुमारे ३,२०० मीटर खोल उतरले, तेव्हा त्यांना शिंपल्यांची आणि नळकृमींची झुंबड दिसली. ही सगळी गर्दी कशावर जगते याचं रसायन पुढे हळूहळू उलगडलं. २००० मध्ये आंत्ये बोएटियस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉन किनाऱ्यासमोरच्या ‘हायड्रेट रिज’ नावाच्या डोंगररांगेवरच्या गाळात सूक्ष्मजीवांचे गोळे दाखवून दिले. आत मिथेन खाणारे आर्किया, भोवती सल्फेटवर श्वसन करणारे जिवाणू. दोघांनी मिळून मिथेन संपवायचा. या भागीदारीतून दोन गोष्टी बाहेर पडतात. एक बायकार्बोनेट, ज्यातून झऱ्याभोवती चुनखडीचे दगड तयार होतात. दुसरी हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू.

हे विष कोपेपॉडच्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं. सल्फाइड पेशींच्या श्वसनाचं यंत्रच बंद पाडतं. त्याच्या जोडीला गाळात ऑक्सिजन नसतो. कवचधाऱ्यांना ऑक्सिजन लागतो आणि कोपेपॉड त्यात विशेष हळवे. म्हणूनच समुद्राच्या गाळात एक मिलिमीटरपेक्षा लहान प्राणी मोजले की बहुतेक ठिकाणी सूत्रकृमी पहिले आणि कोपेपॉड दुसरे, आणि गाळ जितका कोंडलेला तितके कोपेपॉड कमी. भाट्याच्या खाडीतही हे मुलांना दाखवता येतं. वरचा तपकिरी थर वेगळा धुतला तर कोपेपॉड मिळतात. बोटभर खालचा काळा, वास मारणारा चिखल धुतला तर जवळजवळ नुसते कृमी.

असं असेल तर मिथेनच्या झऱ्यावर कोपेपॉड असायलाच नकोत. तरीही ते आहेत, आणि एका ठिकाणी तर विलक्षण संख्येने आहेत. त्या ठिकाणाचं नाव ‘हॉकोन मॉस्बी’ चिखलज्वालामुखी. नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्राच्या उतारावर, १,२८० मीटर खोल. ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांसमोर डोंगर येतो. हा मात्र किलोमीटरभर पसरलेला, जेमतेम दहा मीटर उंचीचा चिखलाचा उंचवटा आहे. त्यातून लाव्हाऐवजी मिथेनने भरलेला चिखल आणि पाणी वर येतं. भोवतालचं समुद्राचं पाणी शून्य अंशाच्याही किंचित खाली. २००३ मध्ये ‘पोलारश्टेर्न’ या जर्मन जहाजावरून ‘व्हिक्टर ६०००’ हा फ्रेंच यंत्रमानव इथे उतरवला गेला.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या सास्किया व्हान गेव्हर, आन व्हानरॉयसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथला गाळ तपासला. त्यांचा निबंध २००६ मध्ये आला, आणि माझ्या मते या विषयातलं ते सर्वांत देखणं काम आहे. एकाच चिखलज्वालामुखीवर, काही शे मीटरच्या आत, त्यांना दोन वेगळे देश सापडले. जिथे गाळावर बेगियाटोआ जिवाणूंचा पांढरा थर पसरला होता, तिथे खालून सल्फाइड येत होतं. त्या विषारी गाळात सूत्रकृमीची एकच जात अफाट संख्येने नांदत होती. तिची मादी अंडी बाहेर टाकत नाही. पिल्लं आईच्या पोटातच वाढतात, कारण बाहेर विष आहे. आणि मधोमध, ज्वालामुखीच्या मुखाशी, जिथे वर काहीच दिसत नव्हतं, नुसता उघडा राखाडी चिखल होता, तिथे कोपेपॉड आणि त्यांची पिल्लं सर्वाधिक होती.

नेमकं मुखाशीच असं का, हे समजून घेण्यासारखं आहे. सल्फाइड तयार व्हायला सल्फेट लागतो आणि सल्फेट समुद्राच्या पाण्यातून गाळात उतरतो. मुखाशी मात्र खालून येणाऱ्या पाण्याचा जोर एवढा की वरचं पाणी खाली शिरूच शकत नाही. सल्फेट नाही, म्हणून सल्फाइडही नाही. मिथेन थेट पृष्ठभागापर्यंत येतो आणि तिथे, अगदी वरच्या पातळ थरात, समुद्राच्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडते. त्या थरात ऑक्सिजन वापरून मिथेन खाणारे वेगळेच जिवाणू राहतात. कोपेपॉड त्यांच्यात चरतात. जिथे झऱ्याचा जोर सर्वांत जास्त, तिथेच या हळव्या प्राण्यांना विषाशिवायचं अन्न मिळतं.

त्यांचं अन्न मिथेनमधूनच येतं हे कसं कळलं? कार्बनचे दोन टिकाऊ प्रकार असतात, एक हलका, दुसरा थोडा जड. सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या मिथेनमध्ये जड कार्बन फारच कमी असतो, सूर्यप्रकाशावर वाढलेल्या प्लवकात त्यापेक्षा बराच जास्त. प्राणी जे खातो त्याचं हे प्रमाण त्याच्या अंगात उतरतं. एका कोपेपॉडच्या अंगात यंत्राला पुरेल एवढा कार्बन नसतो, म्हणून एकाच प्रकारचे पुष्कळ जीव सुईने एकेक वेचून एकत्र करावे लागतात. हॉकोन मॉस्बीच्या मुखावरचे कोपेपॉड असे तपासले तेव्हा त्यांच्यात जड कार्बन फार कमी निघाला. वरून पडणाऱ्या प्लवकाच्या अवशेषांवर जगणाऱ्या प्राण्यात असा आकडा येत नाही. कोपेपॉडच्या अंगातला कार्बन पृथ्वीच्या पोटातून, मिथेनच्या वाटेने आला होता.

वर्तमानपत्रांत अशा जिवांना ‘चमत्कारिक’, ‘परग्रहावरचे’ म्हणण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. हे कोपेपॉड शरीराने अगदी साधे, किनाऱ्यावरच्या कोपेपॉडांचे सख्खे भाऊबंद. त्यांच्या पायांची, काट्यांची, अंड्यांच्या पिशव्यांची रचना तीच. त्यांचं कौतुक करायचं तर त्यांनी गाठलेल्या जागेचं करावं. एका बाजूला विष, दुसऱ्या बाजूला उपास, आणि मधली काही मिलिमीटरची पट्टी त्यांनी नेमकी पकडली आहे.

मेक्सिकोच्या आखातात त्यांची जागा आणखी वेगळी. तिथे ग्रीन कॅन्यन भागात नळकृमींची झुडपं आणि शिंपल्यांचे ढीग आहेत. या शिंपल्यांच्या कल्ल्यांत मिथेन खाणारे जिवाणू राहतात, हे १९८६ मध्ये जेम्स चिल्ड्रेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. इथले नळकृमी अतिशय सावकाश वाढतात. एका जातीचं आयुष्य अडीचशे वर्षांपर्यंत, दुसरीचं तीनशेच्याही पुढे जातं, म्हणजे आज जिवंत असलेला एखादा नळकृमी पेशवाईच्या आधीचा असू शकतो. या नळ्यांच्या आणि शिंपल्यांच्या फटींत, गाळाच्या वर, पाणी खेळतं, ऑक्सिजन असतो. तिथूनच ‘स्मासिगॅस्टेस मिथॅनोफिलस’ ही कोपेपॉडची जात मिळाली. क्रिस्टोफ प्लुम आणि पेद्रो मार्तिनेझ आर्बिझू यांनी २००९ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. ज्या कुळातली ती, त्या कुळाचे कोपेपॉड दोन्ही कुशींनी चपटे असतात, पोटाचा भाग आखूड.

या जातीचे नातलग कुठे सापडले ते पाहा. एक मध्य अटलांटिक पर्वतरांगेवर ‘लकी स्ट्राइक’ नावाच्या गरम झऱ्यांवर, २००४ मध्ये वर्णन झालेला. दुसरा पॅसिफिकमध्ये, पूर्व पॅसिफिक रांगेवरच्या गरम झऱ्यांवर, २००८ मध्ये. तिसरा हा, मेक्सिकोच्या आखातातल्या थंड झऱ्यावर. तीन ठिकाणांमध्ये हजारो किलोमीटर समुद्र आणि एक अख्खा खंड. मिलिमीटरभरही नसलेल्या जीवांची ही सोयरीक एवढी लांब कशी पसरली? मार्गात बुडालेली लाकडं आणि देवमाशांचे सांगाडे मुक्कामाची ठिकाणं झाली असावीत, असा एक विचार आहे, कारण तेही तळाशी कुजताना सल्फाइड सोडतात. ऑस्ट्राकॉड या दुसऱ्या सूक्ष्म कवचधाऱ्यांत तर एक प्रजाती अशी आहे की तिचं पहिलं वर्णन बुडालेल्या लाकडांवरून झालं आणि पुढे तिचे भाईबंद झऱ्यांवरही मिळाले.

गरम झऱ्यांवरच्या एका कोपेपॉडबद्दल इथेच सांगते, जरी तो मिथेनच्या झऱ्यावरचा नव्हे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरच्या हुआन दे फुका रांगेवर राहणाऱ्या ‘बेंथोक्सिनस स्पायक्युलिफर’च्या अंगात हिमोग्लोबिन असतं, आणि ऑक्सिजन पकडून ठेवण्याची त्याची ताकद विलक्षण आहे. स्तेफान उर्देझ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे दाखवलं. ज्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेम असतो तिथे तो असा ओढून घ्यावा लागतो.

मोठ्या कवचधाऱ्यांच्या वाट्याला प्रसिद्धी येते, ती थोडी त्यांच्या हक्काचीही आहे. कोस्टारिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यासमोर सुमारे हजार मीटर खोल झऱ्यांवर ‘किवा पुराविदा’ नावाचा केसाळ यती खेकडा आहे. तो अंगावरच्या केसांवर जिवाणू वाढवतो, त्यांना ताजं पाणी मिळावं म्हणून नांग्या एका लयीत हलवत राहतो आणि मग तोंडाजवळच्या काटेरी अवयवाने ते पीक विंचरून खातो. अँड्र्यू थर्बर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याची ओळख करून दिली. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. कोपेपॉडची चित्रफीत कुणी पाहत नाही.

यात दोष चाळणीचाही आहे. तळाचे प्राणी मोजायचे तर गाळाचा नमुना चाळणीवर धुतात. नेहमीच्या चाळणीची छिद्रं तीनशे ते पाचशे मायक्रॉनची. शिंपले, कृमी, उभयपाद गटातले मोठे कवचधारी वर राहतात, कोपेपॉड पाण्याबरोबर मोरीत जातात. त्यांना धरायचं तर बत्तीस किंवा त्रेसष्ट मायक्रॉनची चाळणी खाली लावावी लागते. मग उरलेला गाळ रोझ बेंगॉल रंगात ठेवायचा, म्हणजे प्राणी गुलाबी होतात आणि वाळूच्या कणांतून डोळ्याला वेगळे दिसतात. मग तासन्‌तास सूक्ष्मदर्शकावर वाकून वेचणं. जात ओळखायची तर एवढ्याशा जीवाचे पाय सुईने सुटे करून प्रत्येक पायाचं, प्रत्येक काट्याचं चित्र काढावं लागतं. खाडीच्या चिखलावर मी हे विद्यार्थ्यांबरोबर वर्षानुवर्षं केलं आहे. मान धरते, डोळे झोंबतात, आणि तरी पाचव्या पायावरचा एक जादा काटा दिसला की उठवत नाही.

अमेरिकेतले आर्थर ह्यूम्स हे काम अखेरच्या वर्षांपर्यंत करत राहिले. कोपेपॉडच्या शेकडो नव्या जाती त्यांनी स्वतः रेखाटून जगासमोर मांडल्या. त्यात खोल समुद्रातल्या झऱ्यांवरच्याही पुष्कळ आहेत. १९९९ मध्ये ते गेले. त्यांच्यासारखी बैठक असलेली माणसं आता जगभरातच कमी होत चालली आहेत.

आता आपल्या समुद्राकडे येते. २००६ मध्ये ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर, आंध्रच्या किनाऱ्याबाहेर खोदकाम केलं आणि एका ठिकाणी तब्बल १२८ मीटर जाडीचा हायड्रेट असलेला थर लागला. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनची. तिथल्या अनिंद्य मजुमदार आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये बंगालच्या उपसागरात पूर्वी कधीतरी वाहत असलेल्या मिथेन झऱ्याचे पुरावे मांडले. पुढे ‘सिंधू साधना’ या संस्थेच्या जहाजावरून २०१८ मध्ये याच खोऱ्यात जिवंत, आजही वाहणारा झरा आणि त्याच्याभोवतीची वस्ती सापडली. भारताच्या सागरी हद्दीतली ही पहिली नोंद. त्या बातमीने मला झालेला आनंद मी लपवत नाही. कोकणच्या खाडीत ज्या कुळांचे कोपेपॉड आम्ही वेचले, त्यांचे खोल पाण्यातले भाऊबंद पाहायला आता नॉर्वेपर्यंत जायला नको.

पण त्या हायड्रेटकडे देश इंधन म्हणूनही पाहतो आहे, आणि ते स्वाभाविक आहे. जपानने २०१३ मध्ये नानकाई खंदकात समुद्रतळाच्या हायड्रेटमधून वायू काढण्याची पहिली चाचणी घेतली. आपल्याकडेही ती वेळ येईल. खाली दाब बदलला की झऱ्याचा जोर बदलतो आणि झऱ्याचा जोर बदलला की ऑक्सिजन, मिथेन आणि सल्फाइडची ती काही मिलिमीटरची हद्द सरकते. शिंपल्यांचा ढीग मरायला वर्षं लागतील, तो कॅमेऱ्याला दिसेलही. कोपेपॉड त्याआधीच जातील आणि आधी मोजले नसतील तर ते गेल्याचं कुणाला कळणारही नाही. मिथेन खाणाऱ्या जिवाणूंचा कार्बन वरच्या प्राण्यांपर्यंत पोचवणाऱ्या वाटांपैकी एक या बारीक जिवांमधून जाते. ती तुटली तर काय होतं हे कळण्यासाठी ती शाबूत असतानाची नोंद हवी.

खोल समुद्र मोहिमेला केंद्राने २०२१ मध्ये मंजुरी दिली, त्यासाठी चार हजार कोटींहून अधिक रुपये ठेवले. ‘मत्स्य ६०००’ ही तीन माणसं बसणारी पाणबुडी चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेत घडते आहे. ती माणसांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठी आहे. त्या मोठ्या खर्चात बत्तीस मायक्रॉनच्या चाळणीचा आणि सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या माणसाच्या पगाराचा खर्च नगण्य आहे. म्हणून हायड्रेटच्या प्रत्येक सर्वेक्षणाला माझी एकच मागणी आहे: गाळाचा पहिला नमुना बारीक चाळणीवर धुवा, जे मिळेल ते बाटलीत जपा आणि मगच खोदकामाची परवानगी द्या. आणि कोकणातल्या, गोव्यातल्या प्राणिशास्त्र विभागांनी एम.एस्सी.च्या निदान एका मुलाला किंवा मुलीला दरवर्षी कोपेपॉडचे पाय सुटे करायला शिकवावं. त्या बाटल्या उघडायला उद्या माणसं लागतील.